तिसरं पेडल

"मास्तर, लिहा. स्टिअरिंग : जड, पण इमानदार."

"दाजी, हे तुम्ही मागच्या रविवारी लिहायला लावलंय."

"मग त्याच्या खाली लिहा. अजून हाय."

एप्रिलमधला रविवार. सकाळचे साडेदहा. उद्यमनगरात दिलावर मिस्त्रीच्या गॅरेजचा पत्रा तापून टिकटिक वाजत होता आणि मी, तंत्रनिकेतनात गणित शिकवणारा चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, मांडीवर शंभर पानी वही घेऊन एका जुन्या टायरवर बसलो होतो. वहीवर पहिल्या दिवशी मीच मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'जुनी की नवी'. त्या हौसेला नऊ आठवडे होऊन गेले होते.

दाजी म्हणजे विश्वासराव इंगवले, माझ्या आक्काचे यजमान. चाळीस वर्षं फाउंड्री चालवली, मग मुलीच्या हाती दिली. आक्का म्हणाली, आता साठीशांत घालूया. दाजी म्हणाले, शांत कशाला, जरा आवाज करूया. आणि जाहीर केलं की स्पोर्ट्स कार घेणार.

पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, कुठली.

वही, पान एक :
जुनी : सदुसष्ट सालची, दोन सीटांची, लाल. कापडी छप्पर. कै. सरनाईक वकिलांची. सध्या मुक्काम दिलावरकडे. दाजी तिला 'इंग्रजाची' म्हणतात.
नवी : त्याच कंपनीची, पन्नास वर्षांनंतरची. दोन सीटांची, हीही लाल. गिअर आपोआप पडतात. क्लच नाही. दाजी तिला 'दोन पेडलची' म्हणतात, आणि म्हणताना तोंड वाकडं करतात.

"डाव्या पायानं काय करायचं हिच्यात?" शोरूमच्या पोराला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आराम, सर."

"म्हंजे लग्नाला आलेल्या पाव्हण्यासारखं नुसतं बसायचं?"

पोरगा हसला. मीही हसलो. मी ते लिहूनही घेतलं.

मला या भानगडीत ओढलं ते आक्कानं. "सुध्या, तुझं ते गणित हाय न्हवं, त्यात नवी पयली आली पायजे बघ. इंग्रजाची त्यास्नी उन्हात रस्त्याकडंला बसवून ठेवंल. शुगरचा माणूस." तेव्हा मी शंभर मार्कांची पद्धत काढली. आवाज दहा, ब्रेक दहा, सुटे भाग मिळणं पंधरा, वळणावरची पकड वीस, असं. दाजींनी ती पद्धत इतकी मनावर घेतली की मला माझाच राग आला. दर रविवारी ते जुनी चालवत, मार्क देत, जुनी जिंकत असे. बुधवारी मी वर्गावर असताना फोन.

"मास्तर, नवीला चार मार्क वाढवा."

"कशात?"

"असंच."

"दाजी, 'असंच' असा रकाना नाहीये."

"मग आखा."

रविवारी पुन्हा जुनी वर. बुधवारी पुन्हा नवी. नऊ आठवड्यांत अकरा फेऱ्या, कारण दोनदा त्यांनी मला गुरुवारीही रजा टाकायला लावली. मुख्य म्हणजे प्रत्येक फेरी जुन्या गाडीची. नवी त्यांनी एकदाच चालवली होती, तीही अर्धा किलोमीटर. मग तुलना कशाची करतोय आपण? असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही लिहा."

वही, पाचवा रविवार :
जुनी ६१, नवी ४४.
दाजींची डावी चप्पल गॅरेजच्या पायरीवर राहिली. एकाच पायात घालून रिक्षा स्टँडपर्यंत गेले. मी परत जाऊन आणली.

वही, सातवा रविवार :
जुनी ५९, नवी ५५ (असंच : ११).
डावी चप्पल पुन्हा. या वेळी रंकाळ्यावर, भेळेच्या गाडीपाशी. नवी घ्यावी : चप्पल.

हा माझा विनोद होता. आक्काला वाचून दाखवला तेव्हा तीही हसली. म्हणाली, "घरातबी तसंच. एक हिकडं, एक तिकडं. माझं अर्धं आयुष्य चपला गोळा करण्यात चाललंय."

नाही. आधी पेडलचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दाजी गाडी अनवाणी चालवत. कुठलीही. दाराबाहेर चपला जोडीनं काढून ठेवायच्या, देवळाबाहेर ठेवतात तशा, आणि आत बसायचं. ही त्यांच्या वडिलांची शिकवण. फाउंड्रीत साच्याची वाळू किती ओली हे मुठीत कळतं आणि जमीन किती तापली हे तळव्याला. चामडं मधे आलं की लोखंड बोलत नाही, असं म्हातारा म्हणे. ड्रायव्हर ठेवतानासुद्धा दाजी आधी त्याला चपला काढायला लावत, आणि जो गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसेल त्याला त्याच दिवशी घरी पाठवत. "क्लचवर पाय टेकून बसणं म्हंजे बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठिवणं," हे मी त्यांच्याकडून निदान पन्नासदा ऐकलं होतं.

आणि इंग्रजाच्या गाडीचं क्लच पेडल दाजींनीच ओतलेलं होतं.

ते एकोणीस वर्षांचे असताना वकिलांच्या गाडीचं पेडल मोडलं. विलायतेहून यायला सहा महिने. वकील फाउंड्रीत आले तेव्हा वडील गावाला गेलेले. दाजींनी स्वतः लाकडाचा नमुना केला, वाळूत साचा धरला, अल्युमिनियम ओतलं, घासलं, बसवलं. त्यांची पहिली एकट्याची कामगिरी. पेडलच्या तोंडावर त्यांनी दोन उठावदार अक्षरं काढली होती, 'वि. इं.', आणि ती झाकली जाऊ नयेत म्हणून वर रबर चढवलं नव्हतं. वकील चाळीस वर्षं बूट घालून ती अक्षरं दाबत राहिले.

त्या रविवारी दिलावरनं गाडी मागच्या शेडमधून पुढं आणली आणि दार उघडून एका पायावर नाचत उतरला. तोही अनवाणीच, दोघे शाळेपासूनचे सोबती.

"आयला विश्वा, पेडल हाय का तवा? दोन राउंड मारले तर तळवा शेकला."

"म्हातारा झालास."

"झालो की. पण इंजिनाची धग अडवायचा पत्रा सडलाय, सगळी आग तुझ्या क्लचवर येतीय. आज ऱ्हाऊ दे. उद्या पत्रा टाकतो, पेडलला रबर घालतो, मग ने."

"रबराला हात लावलास तर बघ."

"तुझं नाव झाकंल म्हणून? कोण वाचतंय खाली वाकून?"

"मी वाचतोय," दाजी म्हणाले. "आजच न्यायची. मास्तर, बसा."

मी म्हणालो, "दाजी, आज शेवटची. आज जे काय मार्क पडतील ते पडतील. मी पुढच्या रविवारी येणार नाही. मला बायको आहे, पेपर तपासायचे आहेत."

"बसा वो."

चपला दाराबाहेर, जोडीनं. आम्ही निघालो.

वाघबिळापर्यंत रस्ता बरा. नंतर पन्हाळ्याचा चढ. छप्पर उघडं, ऊन डोक्यावर, आणि दाजी दुसऱ्यात, तिसऱ्यात, पुन्हा दुसऱ्यात. खोटं कशाला बोलू, चालवत होते सुरेख. प्रत्येक वळणाआधी डावा गुडघा वर येई, खाली जाई. पण मला त्याचं कौतुक करायची इच्छा नव्हती. इंजिनाची धग मधल्या फुगवट्यातून बाहेर येत होती आणि पँट असूनही माझी उजवी पोटरी भाजत होती. मी पाय दाराकडे चेपून बसलो होतो. वहीची पानं वाऱ्यानं फडफडत होती, पेन दोनदा पडलं.

"दाजी, पाय पोळत नाही?"

"कशानं?"

"दिलावरभाई म्हणाले ना, तवा झालाय म्हणून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वळणावर रस्ता सोडून माझ्याकडं पाहायची माणसाला गरज नसते, तरी पाहिलं. मग म्हणाले, "मखमल हाय, मास्तर. लिहा. क्लच : मखमल."

मी लिहिलं. दहापैकी दहा.

थोडं वर गेल्यावर वास आला. जळक्या ब्रेकसारखा, पण गोडसर.

"काहीतरी जळतंय."

"म्होरल्या ट्रकाचं."

"पुढं ट्रक नाहीये."

"गेला असंल."

अशा माणसाशी काय वाद घालायचा? मी वही मिटली. वर, चढ संपतो तिथल्या चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी वळवली, पण थांबवली नाही. चहा नाही, पाणी नाही. उताराला लागल्यावर मात्र मोठ्यानं म्हणाले, "ठरलं. जुनी."

"नक्की?"

"नक्की."

"बुधवारी फोन नाही?"

"न्हाई. लिहा आणि सही करा."

मी खरोखर सही केली. तारीख घातली. नऊ आठवड्यांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आक्का रागावेल, पण निदान संपलं.

गॅरेजच्या दारात गाडी थांबली तसा दिलावर वास हुंगत बाहेर आला. "क्लच कुणी जाळला?"

"ट्रकाचा वास," मी दाजींची बाजू घेतली.

"मास्तर, हितं ट्रक हाय का? प्लेट जळल्याली हाय. कुणीतरी वर जाऊस्तोवर क्लचवर पाय ठिवून बसलंय."

"कुणाला सांगतोस तू?" दाजी असे ओरडले की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केली. "मी? क्लचवर पाय? माझ्या ह्या पायानं..."

वाक्य पुरं न करताच ते उतरले. चपलांत पाय सरकवले आणि तरातरा नळाकडं निघाले. चार पावलांवर डावी चप्पल मागं राहिली. ते चालतच राहिले.

आणि माझा तोल गेला. सही करून आलेलं हलकेपण, उन्हाचा ताप, नऊ आठवडे, सगळं एकदम. मी ती चप्पल उचलली आणि ओरडलो, "अहो, पायात चप्पल राहात नाही ते कळत नाही, आणि निघालेत पन्नास वर्षांची गाडी सांभाळायला! लहान आहात का तुम्ही?"

चप्पल आतून ओली होती.

पाणी नव्हतं. हात चिकट झाला. मी खाली पाहिलं. दिलावरच्या फरशीवर दाजींच्या पावलांचे ठसे होते. उजवा धुळीचा, कोरडा. डावा ओला. उजवा कोरडा. डावा ओला. नळापर्यंत.

दिलावरनं माझ्या हातातली चप्पल पाहिली, मग फरशी. "विश्वा," तो म्हणाला, "बस जरा."

"प्लेट जळली म्हणालास तू मघाशी..." दाजी अजून तिथंच होते.

"बस म्हंतोय न्हवं."

मी ज्या टायरवर बसत असे त्यावर त्यानं दाजींना बसवलं आणि समोर उकिडवा बसून त्यांचा डावा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. तळवा वर केला.

मधोमध कातडं फुगून फाटलं होतं. आणि फाटलेल्या त्या भागात, पांढरट-लाल, स्वच्छ, 'वि' होता. उलटा. साच्याच्या वाळूत दिसतो तसा.

दाजी पायाकडं पाहातच नव्हते. ते आमच्या तोंडांकडं पाहात होते. तिथून त्यांना कळणार होतं.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"दुखत नाही?" मी.

"काय दुखायचं?"

मग त्यांनी स्वतःच पाय ओढून घेतला, वळवला, वाचला. बराच वेळ वाचत होते, दोनच अक्षरं. दुसरं नीट उमटलं नव्हतं.

"कवापासनं?" दिलावरनं विचारलं.

"दिवाळीला पायताणात खिळा घुसला हुता. सांजच्याला पायताण काढताना दिसला."

"आणि आजवर बोलला न्हाईस?"

"बोलून काय? डॉक्टर गाडी काढून घेणार. मग मी म्हणलं, बघावं. कुठं कळंना का, पण हिथं कळंल." त्यांनी मानेनंच इंग्रजाच्या गाडीकडं खूण केली. "हे पेडल माझ्या हातचं हाय. दुसऱ्या कशाचं न्हाई कळलं तरी ह्याचं कळंल. कदी वाटायचं, कळलं. कदी वाटायचं, नुसता भास हुता." मग माझ्याकडं वळून, नेहमीच्या हुकमी आवाजात, "मास्तर, हे वहीत लिहायचं न्हाई."

मी लिहिलं नाही. बुधवारचे ते फोन मात्र तिथं उभ्याउभ्या माझ्या कानात वाजले. असंच, असंच, असंच.

जखमेनं चार महिने घेतले आणि डाव्या पायाची करंगळीही. आक्का दवाखान्यात दाजींना एक शब्द बोलली नाही. मला बोलली. जिन्यात गाठून, हळू आवाजात. "अकरा डाव शेजारी बसलास तू."

"आक्का, घरात चपला तूच गोळा करत होतीस," असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. तिला ते माहीत होतं, म्हणूनच ती मला बोलत होती.

त्या रात्री मी वही काढली. जुनी आणि नवी या दोघींचे मार्क पानोपानी खोडलेले, बदललेले. त्यांच्यावरून काही म्हणजे काही ठरवता येत नव्हतं. चपलेची नोंद मात्र न चुकता होती. तारीख, जागा, डावी. तारीख, जागा, डावी. आठ वेळा. इतकी सरळ मालिका मी परीक्षेत घातली असती तर नापास मुलानंही पुढची संख्या सांगितली असती.

बुधवारी फोन आला, कॉटवरून.

"मास्तर, नवी."

"बरं."

"मार्क न्हाई विचारणार?"

"नाही."

"एक काम हाय तेवढं. दिलावरला सांगा, इंग्रजाची इकायच्या आधी पेडल काढून ठिव."

कुबडी घेऊन चालता येऊ लागल्यावर ते आधी फाउंड्रीत गेले. नवा नमुना केला, नवा साचा धरला. मुलगी म्हणाली, बाबा, मी करून देते. तिला त्यांनी भट्टीकडं पाठवलं, पण वाळू स्वतः चेपली. या वेळी अक्षरं काढली नाहीत. कडेनं रबर धरायला खाच ठेवली. ते पेडल दिलावरनं इंग्रजाच्या गाडीला बसवलं आणि गाडी बेळगावच्या एका दातांच्या डॉक्टरकडं गेली. जुनं पेडल दाजींच्या टेबलावर कागद दाबायला आहे. कुणी उचललं की ते अजूनही म्हणतात, "जपून, तापतंय."

नवी दिवाळीच्या आधी आली. डॉक्टरांनी उजवा पाय टाचणीनं टोचून टोचून तपासला आणि दर तीन महिन्यांनी दाखवायच्या अटीवर परवानगी दिली. आक्कानं पांढरे, मऊ, बंद बूट आणले. अनवाणीचा विषय निघाला तेव्हा तिनं फक्त पाहिलं. दाजींनी मुकाट्यानं बूट घातले आणि दार उघडून मला हाक मारली. "मास्तर, बसा. वही कुठाय?"

"वही बंद झाली."

"असं कसं? लिहा. आवाज : शिवणयंत्र."

वाघबिळापर्यंत ते नवीला शिव्या घालत होते. पडदा मोठा, आरसे लहान, ही बाई कोण मधेच बोलतीय, रस्ता मला माहीत हाय. माझं डोकं उठलं. नऊ आठवडे कमी होते की काय म्हणून आता हे जन्मभर ऐकायचं होतं. मग चढ लागला आणि ते गप्प झाले. पहिलं वळण. मी सहज खाली पाहिलं.

डावा गुडघा वर आला, खाली गेला. पांढरा बूट गालिच्यावर दाबला गेला, क्षणभर थांबला, हलकेच सुटला. तिथं काही नव्हतं. पुढचं वळण, पुन्हा. दाबला, थांबला, सुटला. आणि टेकून राहिला नाही. दर वेळी बाजूला झाला, त्यांनी ड्रायव्हरांना शिकवलं होतं तसा.

चार वळणं मी सोसलं. पाचव्याला राहवलं नाही.

"दाजी, तिथं क्लच नाहीये."

"तुमच्या डोळ्याला नसंल," समोर रस्त्याकडं बघत दाजी म्हणाले, आणि पुढच्या वळणाआधी पाय उचलला. "माझ्या पायाला हाय का न्हाई ते कोण सांगणार, मास्तर?"